वेबपृष्ठ व संगणक यांतील जावास्क्रिप्ट-सेतू : डिजिटल स्वाक्षरीच्या संदर्भात एक चिकित्सा

महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा टप्प्याटप्प्याने उपलब्ध झाला. जळगावच्या १५ आणि धुळ्याच्या ४ तालुक्यांतील खातेदारांचा तलाठी कार्यालयाकडील हेलपाटा त्यामुळे कमी झाला. अशा स्वाक्षरीमागील तांत्रिक प्रश्न मात्र अलक्षित राहिला आहे. स्वाक्षरीची खासगी किल्ली यूएसबी टोकनमध्ये असते आणि वेबपृष्ठाला टोकनपर्यंत थेट पोहोचता येत नाही. क्रोमच्या वेबयूएसबी सुविधेतूनही स्मार्ट कार्ड वर्गातील उपकरणे वगळलेली आहेत. साहजिकच पृष्ठातील जावास्क्रिप्ट आणि संगणकावरील स्थानिक आज्ञावली यांच्यात सेतू बांधावा लागतो.

१९९६ च्या ॲक्टिव्हएक्सपासून असे सेतू प्रचलित आहेत. सप्टेंबर २०१५ मध्ये क्रोमने एनपीएपीआय काढून टाकल्यावर त्या ब्राउझरमधील जावा ॲपलेटचा मार्ग बंद झाला. डेस्कटॉप आज्ञावलीतच वेबपृष्ठ बसवण्याची पद्धत याहून वेगळी असून ती अधिक बारकाईने तपासली पाहिजे. क्यूटी वेबकिटमध्ये एकाच आज्ञेने सी प्लस प्लसमधील वस्तू पृष्ठाच्या स्वाधीन करता येत असे. नवे पृष्ठ आले की ती जोडणी पुसली जाई, म्हणून प्रोग्रामर प्रत्येक वेळी ती पुन्हा जोडत. परंतु आलेले पृष्ठ कोणत्या पत्त्यावरचे, ही तपासणी त्यांना स्वतः लिहावी लागे. ती राहून गेली, तर परक्या पृष्ठालाही तेच अधिकार मिळत. सोयीची ही किंमत पाठ्यपुस्तकी उदाहरणांत क्वचितच सांगितली जाते.

इलेक्ट्रॉनने २०१९ च्या ५.० आवृत्तीत पृष्ठांना मिळणारे नोडचे अधिकार मूलतः बंद केले आणि २०२१ च्या १२.० आवृत्तीत संदर्भ-विलगीकरण मूलतः चालू केले. सुधारणा योग्य, पण अपुरी. सेतूवर 'स्वाक्षरी कर' एवढे एकच कार्य ठेवले, तरी पडद्यावर काय दाखवायचे आणि स्वाक्षरीला काय पाठवायचे, हे दोन्ही पृष्ठच ठरवते. तलाठ्याला एका गटाचा उतारा दिसेल आणि स्वाक्षरी दुसऱ्याच मजकुरावर उमटेल, ही शक्यता शिल्लक राहते. अनेक टोकनांत पिन एकदा दिल्यावर सत्र चालू असेपर्यंत पुन्हा विचारला जात नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते. म्हणून स्वाक्षरीपूर्वी मजकूर दाखवण्याचे काम पृष्ठाकडून काढून स्थानिक आज्ञावलीच्या स्वतंत्र खिडकीकडे द्यावयास हवे आणि संमतीचे बटणही त्याच खिडकीत असावयास हवे.