पाहणे आणि विचारणे : पंडिता रमाबाईंच्या प्रवासवृत्ताविषयी

बुरोंडीला अर्धगोलाकार पृथ्वीवर उभा असलेला परशुरामाचा भव्य पुतळा आहे. सुट्टीच्या दिवसांत तेथे गाड्यांची रीघ लागते. मंडळी उतरतात, छायाचित्रे काढतात आणि लाडघरच्या तामसतीर्थाकडे निघतात; पुढे कर्दे, मुरुड, हर्णै. ज्या कोळ्यांची मासळी दुपारी ताटात येणार, त्यांच्या बुरोंडीत कोणी पाऊल घालीत नाही, कारण ते यादीत नसते. ही थट्टा नव्हे. आमच्या धर्मग्रामाच्या यात्रेत घड्याळाकडे बोट दाखवून लोकांना बसमध्ये परत बसविण्याचे काम मीही केले आहे.

अपरिचित शहरी दोन-चार दिवस मिळाले, तर माणसाने करावे काय? आपल्या प्रवासवर्णनांनी या प्रश्नाला बहुधा एकच उत्तर दिले : पाहावे, चकित व्हावे, घरची आठवण काढावी. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ने (१९६०) हे उत्तर इतक्या प्रसन्नपणे दिले की पुढच्या पिढीला दुसरे सुचेना. पुलंच्या ठायी माणसांविषयी अपार कुतूहल होते. अनुकरण करणाऱ्यांनी त्यांच्या कोट्या उचलल्या, कुतूहल तेवढे मागे राहिले. परिणामी शहर कोणतेही असो, पुस्तकात भेटतो तो चहासाठी कासावीस झालेला लेखकच.

या पार्श्वभूमीवर पंडिता रमाबाईंचे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) वाचावे. शीर्षकातच लोकस्थिती आधी आणि प्रवास नंतर येतो, हे लक्षात घ्यावे. १८८६ च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेणार होत्या. त्या समारंभासाठी रमाबाई इंग्लंडहून गेल्या. बेत थोड्या दिवसांचा होता, मुक्काम १८८८ पर्यंत लांबला. सागरप्रवासाचे एक प्रकरण होते न होते, तोच बाई राज्यपद्धतीकडे वळतात. मग घरसंसार, शिक्षण, धर्मपंथ व त्यांच्या परोपकारी संस्था आणि स्त्रियांची स्थिती. ही शाळा कोणी काढली? पैसा कोठून येतो? येथील स्त्रियांनी हे हक्क भांडून मिळवले की त्यांना दान मिळाले? पानोपानी हीच विचारपूस चालली आहे. अमेरिकेवर त्यांचे प्रेम जडले, तरी कृष्णवर्णीयांवरील आणि मूळ रहिवाशांवरील अन्यायाकडे त्यांनी डोळेझाक केलेली नाही.

ग्रंथात दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. माहितीच्या भाराखाली शहर हरवते. फिलाडेल्फियाच्या रस्त्यावर सकाळी कसले आवाज येतात, हे आपल्याला कळत नाही. कित्येक पाने अहवालासारखी कोरडी आहेत. पुलंच्या चार ओळींत जी माणसे जिवंत होतात, तशी येथे क्वचितच भेटतात. शिवाय स्वदेशी बांधवांना खजील करण्याच्या भरात बाई कधी कधी अमेरिकेला अधिकच उजळ रंग देतात.

तरीही मला हा ग्रंथ वाचताना वारंवार ‘प्रेषितांची कृत्ये’मधील सतरावा अध्याय आठवला. संत पौल अथेन्समध्ये कामासाठी गेला नव्हता. सीला व तीमथ्य यांची वाट पाहत थांबला होता. रिकाम्या वेळात तो शहरभर हिंडला, तेथील पूज्य वस्तू त्याने बारकाईने पाहिल्या आणि अज्ञात देवाला वाहिलेली एक वेदी त्याच्या नजरेस पडली. मूर्ती पाहून तो आतून संतापला होता. पण बोलताना सुरुवात केली ती अथेन्सवासीयांच्याच त्या वेदीपासून. रमाबाईंचे पाहणे याच जातीचे आहे. त्या आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या, म्हणून आपल्या घरांतून त्यांचे नाव कमी घेतले जाते, याची मला खंत वाटते.

त्या विचारपुशीतून पुढे काय झाले, ते याच किनाऱ्यावर पाहता येते. १८८७ साली बोस्टनमध्ये त्यांच्या कार्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्याच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. तेथील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ मध्ये मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी त्यांच्याशी विवाह केला, तेव्हा मुरुडकरांनी कर्व्यांवर बहिष्कार टाकला. बुरोंडीहून किनाऱ्याने उत्तरेला निघाले की लाडघर, कर्दे आणि मग मुरुड. यादीत मुरुड असते, पण समुद्रकिनारा म्हणून.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९६ साली हा ग्रंथ पुन्हा छापला होता. धर्मग्रामाच्या वाचनालयात त्याची प्रत मिळाली, तर पुढच्या सहलीची जागा ठरवण्यापूर्वी निदान स्त्रियांविषयीचे प्रकरण वाचावे. ते लांब आहे. कंटाळा आला तर मधली काही पाने गाळली तरी चालतील. मीही पहिल्या वाचनात गाळली होती.