तालमीतला क्रम सातासमुद्रापार

यवतमाळकरांना मल्लखांब परका नाही. शेजारच्या अमरावतीत १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं आणि १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच मंडळाच्या पथकानं तिथे आपले देशी व्यायामप्रकार करून दाखवले. पेशवाईच्या उतरत्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभी केलेली ही विद्या २०१९ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेपर्यंत पोचली. तिथे पंधरा देशांचे खेळाडू उतरले होते. यामागे दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे यांनी परदेशी विद्यार्थ्यांना शिकवण्यात घातलेली कित्येक वर्षं आहेत. २०२४ची पद्मश्री त्यांना मिळाली, ती याच कामासाठी. अमेरिकेत, युरोपात आपली मुलं आज खांबावर अढी घालतात, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण माझ्या मते तिथल्या शिक्षकांनी आणि पालकांनी टिकवलेली सर्वांत मोलाची गोष्ट दिसायला अगदी साधी आहे: शरीर तयार केल्याशिवाय त्याला कामाला लावायचं नाही, हा तालमीचा क्रम. आधी जोर-बैठका, खांबाला एरंडेल, खाली गादी, अंगाजवळ वस्तादाचा हात. साधी अढी पक्की झाल्याशिवाय पुढची उडी नाही. उंचावर उलटं लटकायची ही कला लहान मुलांच्या हाती निर्धास्त देता येते, ती या क्रमामुळे.

आता त्याच घरांतल्या मोठ्यांकडे पाहा. मुलं खांबावर असतात तेव्हा आईबाबा, आणि भेटीला आलेले आजी-आजोबाही, पिकलबॉलच्या कोर्टवर असतात. १९६५ साली सिएटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जन्मलेला हा खेळ सोपा, मिळूनमिसळून खेळायचा आणि चाळिशी-साठीच्या माणसाला पुन्हा मैदानावर आणणारा आहे. कोर्ट जेमतेम ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद. एवढ्याशा जागेत काय दुखापत होणार, असं वाटतं. पण दुखापतींचं मूळ त्या लहान जागेतच आहे. चेंडू जवळून येतो, म्हणून पाय झटक्यात थांबतात, वळतात, पुढे झेपावतात. दिवसभर खुर्चीत आखडलेली पोटरी आणि टाचेमागची शीर हे झटके सोसत नाही. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींत ज्येष्ठ खेळाडूंच्या दुखापतींचं मुख्य कारण घसरणं, अडखळणं आणि पडणं हेच दिसतं. बायकांमध्ये मनगटाचं हाड मोडण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे. डोक्यावरून गेलेल्या चेंडूमागे उलट्या पावलांनी धावणं ही पडण्याची सर्वांत धोक्याची रीत. आधी अंग वळवा, मग धावा. आणि पोचत नसेल तर तो गुण खुशाल सोडा. रोजच्या वापराच्या धावायच्या बुटांऐवजी आडव्या हालचालींत पाय धरून ठेवणारे कोर्टचे बूट घाला. बॅट मुठीत आवळून धरू नका, कोपराचं जुनं दुखणं तिथूनच सुरू होतं.

यावर कोणी म्हणेल, मल्लखांब कोवळ्या शरीरांचा आणि पिकलबॉल निवृत्तांचा, त्यांचा संबंध काय? साठीच्या माणसानं खांबावर चढावं असं मी म्हणत नाही. घ्यायचा आहे तो क्रम. खेळाआधी दहा मिनिटं भरभर चालणं, सांधे मोकळे करणं, संथ सूर्यनमस्कार, खुर्चीला धरून अर्ध्या बैठका, टाचा उचलून हळू खाली आणणं. गुडघे दुखत असतील तर पूर्ण बैठकांचा हट्ट नको. एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव रोज घरी करावा, कारण पडणं टाळण्याची खरी तयारी कोर्टबाहेर होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: तालमीतलं सगळंच शास्त्रशुद्ध कुठे असतं? नसतंच, आणि ते मान्य करायला हवं. ताज्या मुरगळीवर तेल चोळून रगडणं किंवा गरम शेक देणं यानं सूज वाढते. पहिले दोन दिवस त्या भागाला आराम द्यावा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं धरावा, पट्टी बांधावी, पाय उंचावर ठेवावा. पण आठवडाभर पडून राहू नये, वेदना सोसवेल एवढी हालचाल लवकर सुरू करावी. टाचेमागे फटका बसल्यासारखा आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, चार पावलं टाकता येईनात, हाड वाकडं दिसलं किंवा बधिरपणा आला, तर हाडवैद्याकडे जाऊ नये, थेट रुग्णालय गाठावं. खेळताना छातीत दुखलं, तर ती दुखापत समजून वाट पाहू नये.

उरतो वेळेचा प्रश्न. कोर्ट तासाभरासाठी मिळतं, त्यातली दहा मिनिटं घालवायची कशी? टाचेमागची शीर तुटली तर मैदानावर परतायला सहा महिने ते वर्षभर लागतं, हा हिशेब समोर ठेवला की उत्तर आपोआप मिळतं. मल्लखांबाच्या वर्गात कोणी मूल तयारीशिवाय खांबाला हात लावत नाही आणि त्यामुळे वर्ग लहान झाला अशी तक्रारही कोणी करत नाही. म्हणून परदेशातल्या मराठी मंडळांना एक विनंती आहे. पुढच्या पिकलबॉल स्पर्धेत पहिली सर्व्हिस होण्याआधी मल्लखांबाच्या शिक्षकांना बोलवा, सगळ्या खेळाडूंची दहा मिनिटांची तयारी त्यांच्याकडून करून घ्या, आणि मगच गुण मोजायला बसा.