'फोन्तामारा': कोऱ्या कागदावर आलेली हुकूमशाही

फॅसिझमचा इतिहास आपल्याकडे बहुधा हुकूमशहाच्या सज्जाकडे मान वर करून वाचला जातो. ऑक्टोबर १९२२ मध्ये काळ्या सदऱ्यांच्या टोळ्या रोमवर चालून निघाल्या. राजाने लष्करी कायद्याच्या हुकमावर सही नाकारली आणि मुसोलिनीला पंतप्रधान केले. १९२४ मध्ये समाजवादी खासदार मात्तेओत्ती यांचा खून झाला. १९२६ अखेर विरोधी पक्ष आणि विरोधी वृत्तपत्रे संपली. हा क्रम आमचे विद्यार्थी परीक्षेत बिनचूक लिहितात. आपल्याकडच्या काही पुढाऱ्यांनीही ही राजवट वरूनच पाहिली. मार्च १९३१ मध्ये डॉ. बा. शि. मुंजे रोमला जाऊन मुसोलिनीला भेटले आणि तिथल्या मुलांच्या लष्करी शिक्षणाने भारावून परतले. पण ज्याला अक्षरओळख नाही, ज्याच्या घरी वर्तमानपत्र येत नाही, त्याच्या दारात ही राजवट कोणत्या रूपाने आली? या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात सापडत नाही. ते इन्यात्सिओ सिलोने यांच्या 'फोन्तामारा' या कादंबरीत आहे.

सिलोने १९०० साली अब्रुत्सी प्रांतातील पेश्चिना या गावी जन्मले. १९१५ च्या भूकंपात त्यांची आई गेली. १९२१ मध्ये इटालियन कम्युनिस्ट पक्षाच्या स्थापनेत ते होते, १९३१ मध्ये पक्षाबाहेर पडले. 'फोन्तामारा' १९३३ मध्ये झुरिचला प्रथम जर्मन भाषांतरात प्रसिद्ध झाली, कारण लेखक परागंदा होता आणि त्याच्या देशात ती छापणे शक्यच नव्हते. कादंबरी डोंगरातल्या भूमिहीन आणि तुकडेधारक शेतकऱ्यांची आहे. त्यांना 'काफोने' म्हणतात आणि हा शब्द शहरात शिवीसारखा वापरला जातो. सिलोने तो टाळत नाहीत. माझ्या देशात दुःख भोगणे ही लाज वाटण्याची गोष्ट उरणार नाही तेव्हा हाच शब्द आदराचा होईल, अशा अर्थाचे ते प्रस्तावनेत सांगतात. आपल्या लेखकांनी वस्तीतले, जातीचे, तुच्छतेने उच्चारले जाणारे शब्द साहित्यात आणले त्यामागे हीच जाणीव होती, हे मुद्दाम सांगायला नको.

या गावात फॅसिझम प्रथम येतो तो कोऱ्या कागदाच्या रूपाने. एक अधिकारी येतो आणि सह्या मागतो. नवा कर नाही, एवढेच ऐकून लोक सह्या देतात. पुढे कळते की त्या सह्यांवर गावच्या ओढ्याचे पाणी नव्या धनिकाच्या जमिनीकडे वळवण्याचा अर्ज तयार झाला आहे. हा धनिकच आता सरकारनियुक्त नगराध्यक्ष झालेला असतो. निवडणूक नावाची गोष्टच राहिलेली नसते. मग मध्यस्थीला येतो गरिबांचा कैवारी म्हणवणारा वकील, डॉन चिर्कोस्तान्झा. तो तोडगा काढतो : पाण्याचे तीन चतुर्थांश धनिकाला आणि उरलेल्याचे तीन चतुर्थांश गावाला! दोघांना सारखेच, असे ऐकणाऱ्याला वाटावे. पुढे पाणी पन्नास वर्षांसाठी जाणार म्हणून बायाबापे ओरडतात, तेव्हा तो मुदत 'दहा लुस्त्री' करून देतो. लुस्त्रो म्हणजे पाच वर्षे, हे त्या सभेत कुणालाच ठाऊक नसते.

आमच्यासारखी, घरातली पहिलीच पदवी घेतलेली माणसे ही पाने वाचताना अस्वस्थ होतात. तलाठ्याकडचा कागद वाचून दाखवण्याचे काम वस्तीत आमच्याकडेच येते. चिर्कोस्तान्झाही वाचूनच दाखवतो. तो लाठी उचलत नाही. लाठी घेऊन येणारे वेगळे आहेत. पुरुष शेतावर असताना ते ट्रकमधून येतात, स्त्रियांवर बलात्कार करतात आणि संध्याकाळी परतणाऱ्या पुरुषांना रांगेत उभे करून कोणाचा जयजयकार करता, असे विचारतात. कोणते उत्तर चालेल हे कुणालाच माहीत नसते, म्हणून प्रत्येकाचे उत्तर चुकते. पण पाणी त्याआधीच गेलेले असते.

१७ सप्टेंबर १९४३ रोजी दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांच्या शिबिरात बोलताना बाबासाहेबांनी इटली-जर्मनीत संसदीय लोकशाही का कोसळली याची चिकित्सा केली होती. त्या लोकशाहीने स्वातंत्र्याचा ध्यास घेतला, समतेची ओळखसुद्धा करून घेतली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. 'फोन्तामारा' वाचली की या विधानाला हाडामांसाची माणसे मिळतात. जे काफोने आधीही सगळ्यांच्या खाली होते, त्यांच्याकडे वाचवण्यासारखी लोकशाही होतीच कुठे?

युद्धाची वाटही याच गावातून निघते. फुचिनोचे सरोवर एकोणिसाव्या शतकात आटवून मिळालेली सुपीक जमीन तोर्लोनिया या सरदार घराण्याची. ती वाटली जाणार या आशेने गावकऱ्यांना ट्रकमध्ये भरून सभेला नेतात, पुढाऱ्यांचा जयघोष करायला लावतात आणि रिकाम्या हाताने परत पाठवतात. ऑक्टोबर १९३५ मध्ये मुसोलिनीने इथिओपियावर हल्ला केला तेव्हा अशाच भुकेल्यांना जमिनीचे स्वप्न दाखवले, फक्त ती जमीन दुसऱ्या गरिबांची होती. तिथे विषारी वायू वापरला गेला. राष्ट्रसंघाने निर्बंध घातले, पण तेल वगळून. सिलोने यांच्या १९३६ च्या 'भाकरी आणि मद्य' या कादंबरीत खेडूत युद्धाची घोषणा ऐकायला रेडिओपुढे जमतात, तो प्रसंग या सभेसोबतच वाचावा. १० जून १९४० रोजी इटली महायुद्धात उतरली. पुढे १९४४ मध्ये त्याच इटलीच्या डोंगरात कुलाबा जिल्ह्यातले यशवंत घाडगे ब्रिटिशांच्या सैन्यातून लढता लढता पडले.

दोन गोष्टी खटकतात. नायक बेरार्दो दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेऊन तुरुंगात छळाने मरतो. त्याच्या मरणाला लेखकाने हुतात्म्याची, जवळजवळ ख्रिस्ताची प्रभावळ दिली आहे आणि एल्विराला तर त्याच्यासाठी नवस बोलून मरण्यापलीकडे काम नाही. त्यापेक्षा गावकरी नंतर स्वतःचे वर्तमानपत्र काढायला बसतात आणि त्याचे नाव काय ठेवायचे यावर वाद घालतात, ती थोडकी पाने मला मोठी वाटतात. दुसरी गोष्ट लेखकाची. १९९० च्या दशकात काही इतिहासकारांनी दप्तरातील कागद पुढे आणून, सिलोने १९३० पर्यंत फॅसिस्ट पोलिसांना माहिती पुरवत होते असा आरोप केला. त्यावरचा वाद मिटलेला नाही. त्यांचा धाकटा भाऊ रोमोलो १९३२ मध्ये त्याच राजवटीच्या तुरुंगात मेला, हेही खरे आहे. लेखकाला देव्हाऱ्यात बसवायची आपल्याला गरज नाही. पुस्तक मात्र वर्गात शिकवले पाहिजे, आणि चिर्कोस्तान्झाच्या तोडग्याचे गणित फळ्यावर मांडून शिकवले पाहिजे.

फुचिनोची जमीन तोर्लोनियांकडून सुटली ती १९५१ मध्ये, मुसोलिनी मेल्यानंतर सहा वर्षांनी. त्याआधी शेतकऱ्यांना तिच्यासाठी पुन्हा एकदा लढावे लागले.