दहा गुंठ्यांचं स्मारक

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं की, दुःखाचं स्मारक करता येतं का? करावं का? प्रश्न सोपा नाही, आणि तत्त्वज्ञानातल्या व्याख्या देऊन तो सुटायचाही नाही. म्हणून आज एकच उदाहरण घेऊ आणि ते नीट बघू.

न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, हडसन नदीच्या काठी, बॅटरी पार्क सिटी नावाचा भाग आहे. नदीत भराव टाकून केलेली ही जमीन. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या पायासाठी खणलेली माती याच भरावात गेली. म्हणजे तिथली भुईसुद्धा मूळची तिथली नव्हे. या काठावरच्या बागांच्या रांगेत जुलै २००२ मध्ये ‘आयरिश हंगर मेमोरियल’ उभं राहिलं. शिल्पकार ब्रायन टोल. जर्सी सिटीला मुलीकडे मुक्काम होता, तेव्हा नदीखालून जाणाऱ्या गाडीने आम्ही तिथे गेलो. स्टेशनातून बाहेर पडलं की दहाएक मिनिटांची चाल.

तिथे पुतळा नाही, हे पहिल्यांदा जाणवतं. डब्लिनमध्ये नदीच्या धक्क्यावर रोवन गिलेस्पी या शिल्पकाराने १९९७ मध्ये हाडं निघालेल्या माणसांची ब्राँझची शिल्पं उभी केली. ती बघून पोटात कालवतं. इथे तसं काही नाही. इथे आहे एक शेत. काचा आणि चुनखडीच्या थरांवर तिरकं उचलून धरलेलं, एका टोकाला पंचवीस फूट उंच. त्यावर आयर्लंडकडची झुडपं, गवत, बटाट्याचे सोडून दिलेले वरंबे, आणि बत्तीसही परगण्यांतून आणलेले दगड. मध्ये एक दगडी घर. मेयो परगण्यातल्या ॲटिमास इथल्या स्लॅक कुटुंबाने दिलेलं. दगड सोडवून, समुद्रापार आणून पुन्हा रचलेलं.

आता या शेताचं माप. पाव एकर. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने दहा गुंठे. हे माप कुठून आलं? १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला आणि गरिबाचं ताटच गेलं. १८४७ मध्ये विल्यम ग्रेगरी नावाच्या खासदाराने गरिबांच्या कायद्यात एक कलम घालून घेतलं: ज्याच्या ताब्यात पाव एकरापेक्षा जास्त जमीन आहे, त्याला सरकारी मदत नाही. मदत हवी? मग जमीन सोड. जमीन सोडली की घर गेलं. लोक परत येऊन राहू नयेत म्हणून जमीनदाराची माणसं छप्पर उतरवून टाकत. साधारण दहा लाख माणसं मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. आणि याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य बाहेर जातच होतं.

आमच्या मते या स्मारकाचं खरं बळ इथे आहे. ते तुम्हाला रडायला सांगत नाही, कायद्याच्या एका कलमावर उभं करतं. तुम्ही पायवाटेने दोन-तीन मिनिटांत ते शेत ओलांडता, आणि लक्षात येतं, एवढंसंच. एवढ्यावरून माणसाला ‘मदतीला अपात्र’ ठरवलं. आकडा वाचून हे कळलं नसतं, पायांनी चालून कळतं.

इथे जरा आपल्या शब्दाकडे वळू. आपण म्हणतो ‘दुष्काळ’. म्हणजे काळ वाईट. शब्दातच आरोपी ठरला, आणि तो काळ असल्यामुळे कोणालाच बोलावता येत नाही. आयरिश लोक ‘गोर्ता मोर’ म्हणतात, मोठी भूक. भूक म्हटलं की कोणाची, आणि कोणी जेवू दिलं नाही, हे लगेच विचारता येतं. हा केवळ शब्दांचा खेळ नाही, बरं का. आयर्लंडच्या मदतीची सूत्रं लंडनच्या तिजोरी खात्यातून हलवणारे चार्ल्स ट्रेव्हेल्यन १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर झाले. तेच ग्रेगरी १८७२ मध्ये सिलोनचे गव्हर्नर. आणि १८७७ मध्ये दख्खनमध्ये रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचा रोज पौंडभर धान्यावर आणला, तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने तक्रार केली ती काळाविरुद्ध नव्हे, त्या दराविरुद्ध. मोजमाप असलं की भांडता येतं.

आता स्मारकाचं दुबळं अंग. शेताखालच्या अंधाऱ्या बोळातून आपण आत शिरतो. भिंतीवर उजळलेल्या काचेतून ओळी धावतात. पार्लमेंटचे अहवाल, पत्रं, गाणी, पाककृती, आणि त्यांतच आजच्या जगातल्या उपासमारीचे आकडे. हा मजकूर बदलता यावा अशी सोयच केलेली आहे. हेतू चांगला आहे: आपली भूक आठवताना दुसऱ्याची भूकही दिसावी. पण सगळी भूक एकाच ओळीत आली की ग्रेगरीचं कलम पुसट होतं. बाहेर शेतावर जे टोकदार होतं, ते आत आल्यावर मऊ होतं. पुन्हा ‘काळ वाईट’.

आणखी एक बारीक गोष्ट. घराला छप्पर नाही. बघणाऱ्याला वाटतं, हेच ते हुसकावलेलं घर. पण ते घर विसाव्या शतकात, १९६०च्या दशकापर्यंत, नांदतं होतं. या घरातली माणसं तगली. कलेत अशी मोकळीक घेतात, मान्य. तरी आम्हाला वाटतं, तगलेलं घर तगलेलं म्हणूनच दाखवलं असतं तर प्रश्न अधिक अवघड झाला असता.

पण आमची मुख्य तक्रार वेगळी. हे स्मारक आयर्लंडमध्ये सुरू होतं आणि तिथेच संपतं. घराच्या दारातून वर गेलं की टोकावरून एलिस बेट आणि स्वातंत्र्यदेवी दिसते. कथा गोड झाली. मधलं न्यूयॉर्क कुठे आहे? त्याच शहरात, सेंट्रल पार्कच्या पश्चिम बाजूला, सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. १८५५ मध्ये सुमारे सव्वादोनशे माणसं, दोन तृतीयांश काळी, उरलेले बहुतेक आयरिश. शेजारी शेजारी राहत होते. पार्क करायचं म्हणून १८५७ पर्यंत सगळ्यांना उठवलं. भरपाई मिळाली ती जमीनमालकांना. पुढे तोच पार्क बांधायला आयरिश मजूर मोठ्या संख्येने कामाला लागले. काळ्यांना त्या कामावर घेत नव्हते. आणि जुलै १८६३ मध्ये सैन्यभरतीच्या विरोधात दंगल उसळली. दंगलखोरांत आयरिश मजूर पुष्कळ. काळ्या माणसांना रस्त्यात मारलं, काळ्या मुलांचं अनाथालय जाळलं.

ज्याला पाव एकरावरून हाकललं त्याला दुसऱ्याचं हाकललं जाणं कळेलच, असं नाही. स्मारक मात्र हे गृहीत धरून चालतं. भुकेची आठवण आपोआप करुणा होते, असं मानायला तत्त्वज्ञानात आधार नाही आणि इतिहासात तर नाहीच. आम्ही १९७२ पाहिलेला आहे. मिलोची भाकरी, सुकडी, खडी फोडायला गेलेली माणसं. त्याच गावांत कोणत्या विहिरीवर कोणी पाणी भरायचं हे भांडणही आम्ही पाहिलेलं आहे.

त्याच आठवड्यात सेंट्रल पार्कलाही गेलो. ब्याऐंशीव्या रस्त्यापासून वर, झाडांत, माहितीचे फलक लावले आहेत: इथे चर्च होतं, इथे घर होतं. शेत नाही, उजळलेल्या काचा नाहीत. एक बाई लेकराला ढकलगाडीत घेऊन फलक वाचत उभी होती. आम्ही तिच्यामागे थांबलो, तिचं वाचून झाल्यावर आम्ही वाचला.

इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ.