युद्धकालीन निर्वासितकथा आणि कुमार वाचक : एक चिकित्सा

सातारा-सांगली परिसरातील मुलांच्या कानावर युद्ध येते ते सैनिकाच्या कथेतून. आपशिंगे मिलिटरीसारखी गावे, घराघरांतील गणवेशातील छायाचित्रे आणि प्रतिसरकारच्या आठवणी यांतून पराक्रमाचा संस्कार होतो आणि तो मोलाचाही आहे. मात्र युद्धात ज्यांच्या हाती शस्त्र नव्हते, त्या स्त्रिया आणि मुले या संस्कारात अभावानेच दिसतात. निर्वासितांच्या व जगण्याच्या संघर्षाच्या कथा कुमारांना सुचवाव्यात काय आणि सुचवाव्यात तर कोणत्या कसोटीवर, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विषयासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सांगलीच्या शेजारी, तत्कालीन कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५००० पोलिश निर्वासित राहिले. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत राजवटीने त्यांना सायबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार केले होते. तेथून सुटका झाल्यावर इराणमार्गे ते भारतात आले. वळिवड्यात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, स्काउट पथके होती. सातारा जिल्ह्यातील पाचगणीतही काही पोलिश मुले राहिली.

ही हकिकत आपण बहुधा आपल्या औदार्याची गोष्ट म्हणून सांगतो. येथेच चिकित्सेची गरज आहे. पूर्व पोलंडमधील ज्या गावांतून ही मुले निघाली, ती युद्धानंतर सोव्हिएत संघात गेली. छावणी संपली तेव्हा अनेकांना परतण्यासाठी घरच उरले नव्हते. यजमानाच्या समाधानावर संपणारी कथा निर्वासिताची राहत नाही, ती यजमानाची होते. पुढे याच छावणीच्या जागेत फाळणीत विस्थापित झालेले सिंधी बांधव वसले व गांधीनगर उभे राहिले. एकाच भूमीवरील या दोन कथांपैकी दूरच्या पाहुण्यांची कथा आपण अधिक अभिमानाने सांगतो, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

साहित्याकडे वळल्यास विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ (१९३९) ही कादंबरी प्रथम आठवते. युरोपातून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर जर्मन ज्यू निर्वासित आहेत. चक्रधर मुंबईत उतरतो, हॅर्टाला मात्र पुढे जावे लागते. त्याला उतरण्यासाठी देश आहे, तिला नाही. निर्वासित या शब्दाचा अर्थ याहून नेमकेपणाने क्वचितच सांगता येईल. कादंबरी केवळ प्रेमकथा म्हणून शिकविल्यास हा अर्थ निसटतो. तिचा शोकात्म शेवट पाहता ती महाविद्यालयीन वाचकांना, चर्चेसह सुचवावी.

त्याआधीच्या वयात अॅन फ्रँकची डायरी योग्य ठरते. १९२९ मध्ये फ्रँकफुर्टला जन्मलेली अॅन अॅमस्टरडॅमला आली ती निर्वासित म्हणूनच. जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ हा काळ तिने लपून काढला व १९४५ मध्ये छळछावणीत ती मरण पावली. बचावलेल्यांच्या कथा वाचताना ‘धैर्य असेल तर माणूस तरतोच’ असा समज होण्याची शक्यता असते. अॅनची डायरी तो समज दूर करते. तिच्याजवळ धैर्य होते, तरी ती वाचली नाही. जे मेले ते दुबळे होते असे मुलांनी मानू नये, यासाठी हे वाचन आवश्यक आहे.

यावरून तीन कसोट्या सुचतात. कथेत निर्वासित हा दयेचा विषय न राहता स्वतः बोलणारा असावा. संकटाचा थरार त्यामागील राजकीय कारणांना झाकणारा नसावा. आणि कथेचा धागा वाचकाच्या भूमीशी जुळावा. २००५ व २०१९ च्या महापुरांत सांगलीतील अनेक मुलांनी घर सोडण्याचा अनुभव घेतला आहे. पाटणच्या खोऱ्यात कोयना धरणाने उठविलेल्या गावांच्या आठवणी आहेत. पूर, धरण आणि युद्ध यांची तुलना होऊ शकत नाही, हे खरे. तरीही घर सुटताना काय बरोबर घ्यावे, हा प्रश्न या मुलांना समजावून सांगावा लागत नाही.

सारांश, अशा कथा मुलांना भिवविण्यासाठी किंवा केवळ सद्गदित करण्यासाठी सुचवू नयेत. वळिवड्याच्या वाटेने जाताना गांधीनगरकडे केवळ कापडाची बाजारपेठ म्हणून न पाहता ‘येथे कोण आले होते आणि का?’ असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारावे, इतके घडले तरी शिक्षकाची शिफारस सार्थकी लागली असे म्हणता येईल.