चार दिवस, दोन माणसं

मार्च २००७. पियानोवादक कीथ जॅरेटने जुना साथीदार चार्ली हेडनला न्यू जर्सीतल्या आपल्या घरी बोलावलं. दोघांनी जवळपास तीस वर्षं एकत्र वाजवलं नव्हतं. घरातला छोटा स्टुडिओ, पियानो, डबल बास आणि चार दिवस. त्यातून ‘जॅस्मिन’ हा अल्बम २०१० मध्ये आला.

जॅझ म्हटलं की वेगवान बोटं आठवतात. इथे जुनी प्रेमगीतं आहेत आणि त्यांवर जागेवर सुचत गेलेलं वादन. आपल्या घरगुती बैठकीसारखंच: बंदिश ठरलेली, बढत तिथल्या तिथे. हेडन मोजकेच स्वर वाजवतो आणि जॅरेट त्यांच्यासाठी जागा सोडतो. समोर श्रोते नाहीत, त्यामुळे टाळी घेण्याची घाई नाही. अंधेरीत रिक्षांच्या हॉर्नवर हेडफोन चढवून ऐकताना मला हेच भावतं. माझ्या नोकरीत प्रत्येक कामाचा डेमो द्यावा लागतो. हे दोघं कुणाला काहीच दाखवत नाहीत.

तक्रार एकच. बहुतेक गाणी संथ आहेत, सलग ऐकली तर एकसुरी वाटतात. एका वेळी दोनच ऐका.

त्याच चार दिवसांतलं उरलेलं रेकॉर्डिंग ‘लास्ट डान्स’ नावाने २०१४ मध्ये आलं. त्याच जुलैत हेडन गेला. २०१८ मध्ये जॅरेटला दोनदा पक्षाघात झाला, डावा हात जवळपास थांबला.

मित्रांसोबत वाजवत असाल तर रेकॉर्ड करून ठेवा. फोनवर का होईना.