पंचाच्या खुर्चीवर कोण बसतो?

‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण आमच्या बोरी अरबच्या पारावर आजही ऐकू येते. भांडण धुऱ्याचे असो की बकरी चोरल्याचे, ‘दारव्ह्याच्या कोर्टाची पायरी कशाला चढता, गावातच मिटवा’ असे सांगणारा कुणीतरी भेटतोच. सल्ला अगदीच वावगा नाही. कोर्टाच्या एका तारखेपायी मजुराची दिवसाची मजुरी बुडते. पण मिटवणे आणि न्याय करणे या दोन्ही गोष्टी एकच आहेत काय?

या म्हणीला साहित्याने मोठे बळ दिले. प्रेमचंदांची १९१६ सालची ‘पंच परमेश्वर’ ही कथा त्याचे ठळक उदाहरण. अलगू आणि जुम्मन हे मित्र. पंचाच्या जागी बसताच मैत्री आणि वैर दोन्ही बाजूला ठेवून ते खरा निवाडा देतात. कथा सुंदर आहे, पण तिच्यातले दोन्ही तंटे दिवाणी आहेत: एक म्हाताऱ्या मावशीच्या पोटगीचा, दुसरा बैलाच्या किमतीचा. फौजदारी गुन्हा त्यात नाही. जातीच्या उतरंडीत खाली असलेला फिर्यादी आणि वर असलेला आरोपी असा प्रसंगही नाही. खुर्ची माणसाला बदलते, हा कथेचा विश्वास आहे. कायद्याला मात्र खुर्चीने न बदललेल्या माणसाचाही विचार करावा लागतो.

तो विचार डॉ. आंबेडकरांनी ऑक्टोबर १९३२ मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडला. ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना पंचायतीला न्यायदानाचे अधिकार देण्यास त्यांनी विरोध केला. जातींनी विभागलेल्या गावाकडून निःपक्ष न्यायाची अपेक्षा कशी करायची, हा त्यांचा मुद्दा होता. पंच ज्यांच्यातून येतो, त्यांच्याविरुद्धच अनेकदा दुर्बळाची फिर्याद असते.

तरीही प्रयोग झाला. आमच्या भागात मध्यप्रांत व वऱ्हाडच्या १९४६ च्या पंचायत कायद्याने न्यायपंचायती आल्या. पुढे मुंबई राज्याच्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यातही त्यांना जागा मिळाली. किरकोळ फौजदारी खटले त्यांच्याकडे होते. दंड करता येई, कैदेची शिक्षा देता येत नसे. १९७० च्या दशकात महाराष्ट्राने ही व्यवस्था मोडीत काढली. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषयांची यादी दिली, तिच्यातही न्यायदान नाही.

मग २००८ चा ग्रामन्यायालय कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाला. विधी आयोगाने १९८६ च्या ११४ व्या अहवालात ग्रामन्यायालयाची कल्पना मांडली होती. कायद्याने तिला वेगळे रूप दिले. येथे पंच नाही, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या दर्जाचा न्यायाधिकारी आहे. दोन वर्षांपर्यंत कैदेचे गुन्हे आणि वीस हजार रुपयांपर्यंतच्या मालाची चोरी असे खटले संक्षिप्त पद्धतीने चालतात. न्यायाधिकाऱ्याने गावोगावी फिरून काम करायचे आहे. अपील सत्र न्यायालयात जाते. मात्र अशी न्यायालये स्थापण्याची सक्ती राज्यांवर नाही, हीच या कायद्याची लंगडी बाजू.

ती पोकळी समित्या भरतात. २००७ च्या तंटामुक्त गाव मोहिमेने पुष्कळ भांडणे सामोपचाराने मिटवली, हे मान्य केले पाहिजे. पण तडजोड दोघांच्या खुशीची असते तेव्हाच ती तडजोड. ज्या पंचाच्या शेतात उद्या निंदणाला जायचे आहे, त्याच्यासमोर मजूर बाईने मारहाणीची तक्रार मागे घेतली, तर ती खुशी कुणाची? जातपंचायतींचे निवाडे तर इतके जाचक ठरले की २०१७ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा अमलात आणावा लागला.

म्हणून माझे मत सरळ आहे. न्याय गावात यावा, पण न्याय देणारा गावातल्या कुणाचा मिंधा नसावा. प्रेमचंदांची कथा आपण जरूर वाचावी, मुलांनाही वाचून दाखवावी. मात्र त्या बाईची तक्रार घेऊन पारावर जाण्याआधी, खुर्चीवर कोण बसला आहे, हे आधी विचारावे.